पाच तबकड्या

“मग यातली कुठली ठेवू, वस्ताद? एक काय ते सांगा.”

हेमांगीनं दोन्ही दुर्बिणी गोणपाटावर मांडल्या. एक लांबलचक, पंचवीस पटीची. दुसरी आखूड, चार पटीची. रायफलीवर लावून बघा म्हणून दुकानदारानं दोन्ही दिल्या होत्या. दिवेलागणीच्या आत एक परत करायची होती.

गैबी वस्तादांनी दुर्बिणींकडं बघितलंच नाही.

“पोर कुठाय?”

“झोळीत. मागं, लिंबाखाली. झोपलीय दुर्वा.”

“बघून ये.”

“आत्ताच तर बघून आले.”

“पुन्हा बघून ये.”

आल्यापासून ही तिसरी खेप. हेमांगी मनातल्या मनात हसली, पण गेली. पोर झोळीत मूठ तोंडात घालून गाढ झोपली होती.

जिल्ह्याचं पदक होतं तिच्याकडं. पण ते एकाच अंतरावरचं, निवांत नेम धरून मिळवलेलं. रविवारचा सामना वेगळा. नेमाच्या तबकड्या जवळ, लांब, कुठंही टांगलेल्या आणि डोक्यावर घड्याळ. असल्या दोन सामन्यांत तिची वेळ संपली होती आणि तबकड्या उरल्या होत्या. या खेपेला हरलीस तर रायफल देऊन टाकायची आणि पोरीला घेऊन घरात बसायचं, असं सासूबाईंनी बजावलं होतं. नवरा त्या वेळी ताटात बघत राहिला होता.

“मोठीच घ्यावी म्हणते,” ती म्हणाली. “माशीच्या पायावरची लव दिसते हिच्यातनं.”

“माशा मारायला आलीस व्हय?”

वस्तादांनी रायफलीचा खटका मागं ओढून काडतुसाची जागा उघडली. आत करंगळी घालून ती रिकामी असल्याची खात्री केली. काडतुसांचा डबा स्वतःच्या मांडीखाली घेतला.

“नुसता चाप ओढायचा. तबकड्या पाच. नव्वदपर्यंत मोजीन.”

समोर दगडाची बंद पडलेली खाण होती. भरदुपार. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. पाची तबकड्यांना वस्ताद रोज सकाळी स्वतःच्या हातानं चुना लावत. पहिली पन्नास पावलांवर, शेवटची पार खाणीच्या माथ्यावर.

लोक सांगत, बावीस वर्षांमागं अशाच दुपारी, सराव चालू असताना, वस्तादांची लेक या खाणीत गेली. कशी गेली ते कुणी पुरतं सांगत नसे. त्या दिवसापासून वस्तादांनी बंदुकीला हात लावला, तो दुसऱ्याची तपासायलाच.

शिट्टी वाजली.

मोठ्या काचेतनं माथ्यावरची तबकडी पुढ्यात आल्यासारखी दिसली. साखळीचा गंज, चुन्याचा सुकलेला ओघळ. टक. चौथीही सापडली. टक. मग ती जवळच्या तीन शोधायला लागली, आणि काचेत नुसता दगड. दगड, धूसर गवत, परत दगड. कुठं बघतोय तेच कळेना. मानेवरनं घाम उतरला.

“...नव्वद. किती झाल्या?”

“दोन.”

“माशी दिसली का?”

हेमांगीनं रायफल खाली ठेवली.

“बारकी लाव. आणि डावा डोळा मिटायचा नाही.”

“दोन्ही उघडे ठेवून नेम कसा लागंल, वस्ताद?”

“वरच्यानं दोन दिलेत ते काय शोभेला?”

शिट्टी.

या काचेत सगळं लहान होतं, पण सगळं होतं. पहिली, टक. दुसरी, टक. तिसरी. चौथी. माथ्यावरची वाटाण्याएवढी दिसली, पण दिसली. टक. वस्तादांचा आकडा साठाच्याही खालीच होता. तिला हसू फुटलं. आणि त्याच झोकात रायफल खाली आली, करवंदीच्या जाळीपाशी पांढरं दिसलं, बोट चापावर गेलं...

पांढरं हललं.

वारा नव्हता.

ते टोपडं होतं. खाली दोन डोळे. एक हात वर झाला आणि हलला.

“दुर्वा!”

रायफल टाकून ती मागं धावली. झोळी लिंबालाच होती. दुर्वा आतच होती, मूठ तोंडातच.

हेमांगीनं तिला उचलून छातीशी धरलं आणि वळून खाणीकडं बघितलं. पाच तबकड्या. करवंदीची जाळी. दगड.

वस्ताद जागचे हलले नव्हते. मोजायचे मात्र थांबले होते.

“किती झाल्या?”

“पाच...” तिनं दुर्वाला आणखी जवळ घेतलं. “दिसल्या सहा.”

“सहावी कुठं?”

“तिसरीच्या खाली. करवंदीपाशी.”

“उंच किती?”

तिनं तळवा गुडघ्याच्या जरा वर धरला. वस्ताद उठले, जवळ आले, तिचं मनगट धरलं आणि हळूच चार बोटं वर केलं.

“एवढी.”

हेमांगीनं स्वतःच्या तळव्याकडं बघितलं.

“हात हलवला का तिनं?”

“...हो.”

वस्तादांनी रायफलीवरची आखूड दुर्बीण सोडवून डोळ्याला लावली. दोन्ही डोळे उघडे. कितीतरी वेळ ते तसेच बघत राहिले... मग दुर्बीण खाली घेतली, सदऱ्याच्या टोकानं पुसली आणि तिच्या हातात दिली.

तेवढ्यात कडेवरची दुर्वा जागी झाली. डोळे चोळून तिनं खाणीकडं बघितलं. हसली. आणि चिमुकला हात वर करून टाटा केला.

“मोठी आजच परत कर, बाई,” वस्ताद म्हणाले. “त्या दिवशी माझ्या असल्याच मोठ्या काचेत पाचच दिसल्या होत्या.”