गळलेल्या पिसाची लेखणी

एका राज्यात माणसे पुष्कळ होती, पण कुणी कुणाला हाक मारत नव्हते. तिथल्या राजाने लेखण्यांच्या हौसेपायी तळ्यावरच्या जिवंत हंसांची पिसे उपटली होती. उडून जाताना हंसराणी म्हणाली होती, "आमच्या पंखांतली पिसे गेली, तुमच्या ओठांवरची नावे जातील." तशी नावे गेली. नावामागोमाग ओळखही गेली.

लेखणीकार सोमदत्ताची मुलगी तेव्हा दूरच्या विद्यापीठात होती. ती परतली, तेव्हा बाप उंबऱ्याशी उभा राहिला.

"कुणाकडे आलात, बाई?"

"बाबा, मी!" तिने आपले नाव सांगितले. बापाला नुसते ओठ हलताना दिसले. त्याने पाणी दिले आणि दार लोटून घेतले.

शापाची हकीकत कळताच ती डोंगरापलीकडे हंसराणीकडे गेली.

"उपटायला आलीस? तुम्हा लोकांची खोडच ती."

"नाही. गळेल तेव्हा घेईन."

"मग ऐक. पीस गळेपर्यंत थांब. तापल्या वाळूत ते टणक कर, पण जळू देऊ नकोस. मग नावे लिही. लिहिशील ते परत येईल, राहील ते कायमचे जाईल. आणि ज्याने उपटली, त्याने स्वतःच्या नावाने क्षमा मागितली की शाप फिटेल."

ती थांबली. बोलायला वाराही नव्हता. पीस गळले, तिने ते वाळूत भाजले, तासले, टोकाला चीर दिली.

शापाच्या वेळी ती दूर होती, म्हणून सगळ्यांची नावे तिच्या ध्यानात होती. गावोगाव हिंडून तिने ती लिहिली. टोक झिजे, ती कापी. लेखणी आखूड होई. मागे घराघरांतून हाका ऐकू येत. तिला मात्र कुणी हाक मारत नव्हते. बापाचे नाव लिहिले, तेव्हा तोही म्हणाला, "उपकार झाले, बाई."

शेवटी एका नावापुरते टोक उरले. तिने स्वतःच्या नावासाठी ते शाईत बुडवले. तोच राजा अनवाणी समोर आला.

"माझे लिहू नकोस म्हणणार होतो," तो म्हणाला. "पण नाव नसलेल्याची क्षमा कोण ऐकेल?"

तिने टोक पुन्हा शाईत बुडवले. मग तिने लिहिले: वज्रकेतू.

राजा तळ्यात गळ्याएवढ्या पाण्यात उतरला. "मी वज्रकेतू. मी उपटली. क्षमा करा." हंस परतले, शाप फिटला. राज्यात लेखणीसाठी पीस उपटणे त्या दिवसापासून बंद झाले.

मुलीने आपले नाव आठवून पाहिले. ते कुठेच नव्हते.

सोमदत्त धापा टाकत आला. "तू माझी पोर! चेहरा ओळखला गं. पण नाव... नाव सापडेना."

"मलाही नाही, बाबा."

तो तिच्याजवळ बसला. पाळण्यातल्या बाळाच्या कानाशी वाकावे, तसा तिच्या कानाशी वाकला आणि एक नाव कुजबुजला. परके, कोरे नाव. तिने ते मनात दोनदा म्हणून पाहिले.

मग बापाने त्याच नावाने तिला मोठ्याने हाक मारली, आणि तिने ओ दिली.