वडाची सावली आणि वीतभर ढोली

मुलांनो, नदीकाठच्या एका जंगलात, जुन्या वडावर एक खार राहत असे. तिची ढोली होती वीतभर, आणि ढोलीत डोळेही न उघडलेली तीन पिल्लं. पाणवठ्याचा गाळ काढणाऱ्या हत्तींसाठी त्या जंगलात घरोघरून घरपट्टी म्हणून शेंगा घेत. द्यायला खारीची ना नव्हती. पाणी तीही पीत होती. पण पट्टी ठरे सावलीवर! ज्या झाडाशी घर, त्याची सावली जितकी पावलं, तितक्या शेंगा. वड दरवर्षी पसरत गेला, ढोली मात्र होती तेवढीच राहिली.

यंदा मोजणीदार कोल्हा ऐटीत सावली मोजून म्हणाला, "शंभर पावलं, शंभर शेंगा! पौर्णिमेपर्यंत भर, नाहीतर ढोली रिकामी कर." खारीने साठवण मोजून पाहिली. घरात शेंगा जेमतेम वीस. "बाई गं, गुपचूप दुसरं झाड बघ," शेजारचा कावळा म्हणाला, "राजापुढे तोंड कोण उघडणार?"

"मी उघडते की! चोरी थोडीच केलीय?" असं म्हणून खार तडक सिंहापुढे गेली. "महाराज, सगळी पट्टी माफ करा असं मी म्हणत नाही. फक्त एकदा माझ्या घरी या." सिंहाला गंमत वाटली. तो वडापाशी आला, मागच्या पायांवर उभा राहिला आणि त्याने ढोलीच्या चिमुकल्या तोंडात पंजा घालून पाहिला. आत गेलं एकच नख! एक पिल्लू ते आईच समजून चोखू लागलं. सिंहाने अलगद पंजा काढून घेतला.

"एवढ्याशा घराच्या शंभर शेंगा?" तो गुरगुरला.

"नियमच आहे, महाराज. सावली खोटं बोलत नाही," कोल्हा चाचरत म्हणाला.

"मग कोल्होबांच्याही घरी जाऊ या ना," खार म्हणाली.

कोल्ह्याचं घर करवंदीच्या जाळीखाली. सावली चार पावलं, पट्टी चार शेंगा. सिंह आत शिरला तो शिरतच गेला, आणि पाच खोल्या ओलांडून पलीकडच्या दाराने बाहेर आला! कोल्ह्याची मान खाली गेली.

त्या दिवसापासून सावलीऐवजी घर मोजू लागले, आणि ज्याची साठवण थोडी त्याला निम्मी पट्टी माफ झाली. खारीने आपल्या वाट्याच्या पाच शेंगा ताठ मानेने भरल्या. पुढे भर उन्हात शेंगा वेचणारा कोल्हा दिसला, तेव्हा तिने वरून हाक मारली, "कोल्होबा, दमलात? बसा वडाखाली. आता सावलीची पट्टी नाही!"

तात्पर्य : घराभोवती काय वाढलं ते पाहून नव्हे, तर घरात राहणाऱ्याला काय झेपतं ते पाहून कर घ्यावा, आणि तो झेपेनासा झाला, तर न घाबरता तसं सांगावं.