फिरत्या बंगल्याचा मागचा डावा टायर

फिरत्या बंगल्याचा मागचा डावा टायर पुन्हा फुटला, आणि खैरणी संस्थानचा तिसरा ड्रायव्हर घरी गेला.

हा बंगला म्हणजे महाराजांचा जीव की प्राण. मोटारलॉरीच्या सांगाड्यावर चढवलेलं अख्खं घर. त्यात बैठक, शेजघर, मुदपाकखाना, न्हाणीघर, सगळं होतं. फक्त तो महाराजांच्या व्याह्यांच्या गावी एकदाही धड पोचला नव्हता. तिन्ही वेळा शेवटचे चार कोस महाराज बैलगाडीतून गेले होते, आणि विहीणबाई पदराआड हसल्या होत्या.

चौथा ड्रायव्हर म्हणून सोनजीची वर्णी लागली, ती काही हुशारीमुळे नव्हे. दुसरं कुणी तयारच होईना. सोनजी मूळचा गाडीवान. अजून ब्रेक दाबताना त्याच्या तोंडून ‘हो रं, हो रं’ निघायचं, आणि मोटार थांबली की ती आपलं ऐकून थांबली असं त्याला वाटायचं.

"सोनजी," महाराजांनी बजावलं, "तीन तऱ्हेचे टायर मागवलेत. तू निवड. सोमवारी नातवाचा पहिला वाढदिवस आहे. व्याह्यांच्या दारापर्यंत एकही फुटता कामा नये. आणि आधीच्या शहाण्यांसारखी ओझ्याची भुणभुण नको. बंगल्यातली एक वस्तूही तू हलवायची नाहीस. टायर फुटला, तर सोमवारीच खोली रिकामी कर."

खोली म्हणजे मोटारखान्यामागची. सोनजीच्या ठकूबाईनं ती कालच सारवली होती, आणि धाकटीचा पाळणा तिथंच आढ्याला टांगला होता.

तो टायरांसमोर जाऊन बसला. बैल निवडायचा तर दात बघायचे, खूर बघायचे, शेपटी पिरगाळायची. टायरला यातलं काहीच नव्हतं. तरी त्यानं एकाची पाठ थोपटून पाहिली.

"काय म्हणतोय टायर?" ठकूबाईनं विचारलं.

"बोलतोय कुठं? माझी लायकी कळली असणार त्याला."

"अहो, गाडी भरली की आधी काय बघायचात तुम्ही?"

"ओझं पुढं पडून गाडी धुरजड झालीय, का मागं पडून उलाळ."

"मग इथं तेच बघा की."

सोनजीनं कपाळावर हात मारला. "आणि मी तासभर रबर कुरवाळत बसलोय!"

तो बंगल्यात चढला. बैठक दिसायला मोकळी हवी म्हणून ज्यानं त्यानं आपलं धूड मागच्या डाव्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं होतं. दिवाण चिंतोपंतांची दप्तराची लोखंडी पेटी, राजवैद्यांचा दगडी खल, आचाऱ्याचा चटणी वाटायचा रगडा, आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे महाराजांचा संगमरवरी टब. बैल असता तर जुवाखाली मटकन बसला असता. टायरला बसता येत नाही, म्हणून बिचारा फुटत होता.

टायरांबरोबर आलेले कागद सोनजीनं शाळेच्या मास्तरांकडून वाचून घेतले. सगळ्यात जास्त वजन पेलणारे चार टायर त्यानं निवडले. पण हा कोपरा त्यांनाही झेपणारा नव्हता, आणि हलवायचं तर काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी तो भर दरबारात उभा राहिला.

"टायर निवडले, सरकार. फक्त एक हुकूम द्या. वाटेत टायर फुटलाच, तर बंगल्यात सगळ्यात जड चीज ज्यानं ठेवली असेल, त्यानं ती डोक्यावर घेऊन पुढं चालावं."

महाराजांनी चिंतोपंतांच्या टकलाकडे पाहिलं. त्यावर लोखंडी पेटी कशी दिसेल या विचारानं त्यांना गुदगुल्या झाल्या. हुकूम तिथल्या तिथं लिहिला गेला आणि वर मोहोरही बसली.

मग मोटारखान्यात एकच धावपळ उडाली. टब सगळ्यात जड हे खरं, पण तो महाराज काही डोक्यावर घेणार नाहीत, म्हणजे पाळी आपल्यावरच येणार, हे ज्याचं त्याला कळत होतं. वाढदिवसाला दप्तर लागत नाही, असं चिंतोपंतांना एकाएकी आठवलं. वैद्य खल घेऊन गेले. आचारी तर म्हणाला की चटणी व्याह्यांकडचीच बरी.

सोमवारी सकाळी महाराज आले. कोपरा बघून त्यांच्या भुवया चढल्या.

"तू हलवलंस?"

"काडीसुद्धा नाही, सरकार. ज्याचं त्यानं नेलं."

"मग आता आत सगळ्यात जड काय राहिलं?"

"टब."

"कुणाचा?"

"त्यावर नाव कोरलंय, सरकार. पण मी पडलो अडाणी, मला कुठं वाचता येतं?"

महाराजांनी टबावर कोरलेल्या आपल्या नावावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "उतरवा तो."

आठ माणसांनी टब उतरवला. महाराज पायरीवर चढले आणि एकदम मागं वळले. आता कसा पकडला, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता.

"टब गेला. आता आत सगळ्यात जड कोण?"

सोनजीनं महाराजांच्या पोटाकडे पाहिलं, मग घाईनं पायांकडे.

"माफी असावी. आपणच, सरकार."

"आणि मला आत ठेवतो कोण?"

"दार मी उघडतो, हात मी देतो. म्हणजे ठेवणारा मीच. टायर फुटला तर सरकारांना डोक्यावर घेऊन मलाच चालायचंय. म्हणून तर टायर इतके जपून निवडले!"

महाराज असे हसले की बंगला स्प्रिंगांवर डुलायला लागला. हसू ओसरलं तोवर अर्धी वाट संपली होती. बंगला चारही टायरांवर व्याह्यांच्या दारात उभा राहिला, तेव्हा विहीणबाईंना पदराची गरज पडली नाही.

"खोली तुझी, कायमची," महाराज म्हणाले. "आणखी काय हवं ते माग."

"तो टब द्या, सरकार. बैलांना पाणी पाजायला."

"तू आता ड्रायव्हर. तुला बैल कशाला?"

"बंगला मी चालवतो ना, सरकार. घरी परतायला काहीतरी खात्रीचं नको?"

महाराजांना पुन्हा हसू फुटलं. त्यांनी टब दिला, आणि त्यात पाणी प्यायला एक खिलारी जोडीही.