मोहरवेळची हाक

ओहोटी लागली की तो काळा खडक असा वर येतो. आणि ही त्याच्यासमोरची पुळण म्हणजे मोहरवेळ. आंब्याच्या मोहोरावरून नव्हे, सोन्याच्या मोहरांवरून; आणि वेळ म्हणजे आमच्याकडे किनारा. तुम्ही जुनी नाणी जमवणारी माणसं, म्हणून एवढ्या लांब आलात. वादळानंतर इथे वाळूत मोहर सापडते हे तुम्ही ऐकलंत, ते खरं आहे. पण ती इथे आली कशी, ते आधी ऐका.

फार पूर्वी परमुलखातलं एक गलबत वादळात या खडकावर आपटून फुटलं, असं सांगतात. पहाटे वारा पडला तेव्हा सगळी पुळण सोन्याने चमकत होती म्हणे. गाव लोटला. कोणी धोतराच्या सोग्यात, कोणी टोपलीत मोहरा भरू लागलं.

त्यांत आवडी नावाची एक गाबतीण होती. नवरा समुद्रातच गेलेला, घरात लहान मूल, आणि नवऱ्यामागे राहिलेली होडी दोन ठिकाणी गळणारी. ओटी भरत आली तसं तिला वाटलं, आता नवी होडी होईल. कंबर सरळ करायला ती उभी राहिली, आणि तिला खडकावर काहीतरी हलताना दिसलं.

"माणसां आसत थंय!" ती ओरडली.

कोणी मान वर केली नाही. तिचा दीर बाबल एवढंच म्हणाला, "वयनी, आधी ह्यां गोळा कर. भरती इली की सगळां जातला."

"सोना परत मेळात. माणूस परत मेळाचो नाय."

तिने ओटी तिथेच सोडली आणि गळकी होडी एकटीच ढकलू लागली. लाट होडी मागे फेकायची, ती पुन्हा ढकलायची. बाबलने थोडा वेळ पाहिलं. मग टोपली टाकून तो धावला. त्याच्यामागून एकेक करत सगळा गाव, आपापल्या होड्या घेऊन. कोणी वल्ही मारत, कोणी पाणी उपसत खडकापर्यंत गेले. खडकाला धरून राहिलेला एकूण एक खलाशी जिवंत किनाऱ्याला लागला. तोवर भरती चढली होती. वाळूत टाकलेलं सोनं समुद्राने परत नेलं.

घरी जाऊन आवडी रडली, असंही सांगतात. का नाही रडणार? पण त्या खलाशांत एक सुतार होता. सोबती निघून गेले तरी तो मागे राहिला, फुटक्या गलबताच्या फळ्यांची त्याने तिला नवी होडी बांधून दिली, आणि मगच आपल्या मुलखाची वाट धरली.

आजही इथे कोणाला मोहर दिसली तर तो लगेच वाकत नाही. आधी समुद्राकडे तोंड करून मोठ्याने विचारतो, "कोण आसा काय रे थंय?" उत्तराची वाट पाहतो, मगच ती उचलतो. गेल्या वर्षी वादळानंतर आमच्या तारामतीने अशीच हाक मारली, आणि खडकाआडून आवाज आला, "आसंव गे, आसंव!" इंजिन बंद पडून रात्रभर वाहत आलेली पोरं होती.

ती बघा, पलीकडे जाळं ओढतायत ना, तीच.