खेकड्याची खुंटी

रानोबा महाराज किंजळवाडीत राहत होते, तेव्हाची ही हकिगत. किंजळवाडी म्हणजे डोंगराच्या कुशीतलं गाव. वरच्या रानातलं तोडीचं लाकूड बैलगाड्यांतून खाली यायचं आणि गावाबाहेरच्या वखारीत रचलं जायचं. वखारीच्या अलीकडे ओढा, ओढ्याकाठी म्हसोबाचं ठाणं, आणि त्याला लागून गवतानं शाकारलेली महाराजांची झोपडी.

महाराज दिसायला अगदी साधे. अंगात मांजरपाटाची बंडी, कमरेला पंचा, हातात घासून गुळगुळीत झालेली काठी. कोणी काही विचारलं तर कधी उत्तर देत, कधी नुसतेच हसत. पण काही दुखलंखुपलं, की गावाची पावलं त्या झोपडीकडे वळत.

अशीच एक दिवस धुरपदा लोहारीण त्यांच्यापुढं येऊन बसली. तिचा नवरा गणपा वखारीत हमाल होता. ओंडका गाडीत चढवताना त्याच्या उजव्या हाताची बोटं खाली सापडून चिरडली होती. मुलांनो, तेव्हा ओंडका कसा उचलत, सांगू? सगळ्यांनी खाली बोटं घालायची, एकदम जोर करायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. एकाचा पाय घसरला, की दुसऱ्याची बोटं जायची. धड हातांचा हमाल किंजळवाडीत हुडकावा लागे.

"महाराज," धुरपदा म्हणाली, "ह्यांचं झालं ते झालं. पर उद्या आणि कुणाची तरी बोटं जातील. खाली हात न घालता ओंडका उचलंल, असं काय तरी करावं म्हणते. सासऱ्याची भट्टी हाय, ऐरण हाय. घण मला मारता येतो. लोखंड तेवढं न्हाई."

महाराजांनी काठी ओढ्याकडे रोखली. मागं कधीतरी तिथं एक मालमोटार कलंडली होती. तिच्या चाकावरचा तुटका पोलादी कमानपाटा गाळात पडून राहिला होता. बायका त्यावर धुणं आपटत.

"ते बघ. कधीचं वाट बघतंय," महाराज म्हणाले.

"ते भंगार हाय, महाराज."

"मग मी तरी कुठं नवा आहे?"

धुरपदानं तो पाटा डोक्यावरून घरी नेला. गणपानं डाव्या हातानं भाता ओढला आणि तिनं घण घातला. पाटा लालभडक तापवून तिनं त्याचे दोन तुकडे केले आणि दोन्ही मेंढ्याच्या शिंगांसारखे वाकवले. एकेक टोक ठोकून दातासारखं अणकुचीदार केलं. आता पोलादाची एक खोड असते. लाल असताना गार पाण्यात बुडवलं, तर ते काचेसारखं कडक होतं आणि काचेसारखंच फुटतं. म्हणून तिनं टोकं करडईच्या तेलात विझवली आणि पुन्हा निखाऱ्यावर धरून, पिवळसर झाक येईपर्यंत शेकली. मग दोन्ही शिंगं कात्रीसारखी एकमेकांवर ठेवली, मधे भोक पाडलं, आणि वरच्या टोकांना साखळीचे दुवे जोडून एक मोठी कडी अडकवली.

यातली खुबी अशी. कडी वर ओढली, की वरची टोकं जवळ येतात आणि त्याबरोबर खालचे दातही आवळतात. म्हणजे ओंडका जितका जड, तितकी पकड घट्ट. भारच पकडीला जोर देतो. धुरपदानं हे महाराजांना दाखवलं, तेव्हा त्यांनी त्या दातांवरून बोट फिरवलं. "भक्तीसुद्धा अशीच असावी," एवढंच म्हणाले.

एक काम राहिलं होतं. कात्रीला जसा मधे खिळा लागतो, तसा या अवजाराच्या भोकात पोलादी खिळा लाल करून ठोकायचा होता. तेवढ्यात खंडेनवमी आली. खंडेनवमीला लोहार भट्टी पेटवत नाही. त्या दिवशी अवजाराची पूजा करायची, त्याच्याकडून काम घ्यायचं नाही. म्हणून धुरपदानं भोकात तात्पुरती जांभळीच्या लाकडाची खुंटी बसवली. खुंटी सुकून सैल पडू नये म्हणून तिच्याभोवती ओलं फडकं गुंडाळलं, आणि गणपाला बरोबर घेऊन ते अवजार पूजेत मांडायला वखारीत नेलं.

वखारीचा मुकादम होता भुजंगराव. अंगानं धिप्पाड, कामाला वाघ, पण गर्वानं नुसता फुगलेला. आपल्या वखारीची पूजा पंचक्रोशीत नावाजली जावी, ही त्याची हौस. कोठीत त्यानं करवती, कुऱ्हाडी, साखळ्या, दोरखंड, सगळं घासूनपुसून मांडलं होतं. त्यानं धुरपदाच्या हातातलं अवजार पाहिलं.

"धुरपे, हे काय? खेकडा?"

"ओंडका उचलायचं हाय, मुकादम. ह्ये बी मांडा पूजंत."

"घरी ने आणि कालवण कर त्याचं." हमाल हसले, तसा भुजंगरावाला आणखी चेव आला. "देवापुढं ओढ्यातलं भंगार मांडू? आणि बाईच्या हातच्या अवजारानं माझी माणसं ओंडके उचलणार? मग गणप्या, तू लुगडं नेस आणि चुलीपुढं बस."

त्यानं खेकडा तिच्या हातातून घेतला आणि कुंपणाबाहेर भिरकावून दिला. धुरपदाच्या डोळ्यांत पाणी आलं. गणपा मान खाली घालून उभा होता. पण तेवढ्यात त्याची नजर दुसरीकडे गेली आणि तो दचकला. वखारीच्या उतारावर ओंडक्यांची उंच थप्पी होती. ती गडगडू नये म्हणून तिच्या पायथ्याशी जमिनीत जाड पहारी रोवलेल्या असत. भुजंगरावाची माणसं त्या पहारी उपसत होती.

"मुकादम, त्या राहू द्या. थप्पी त्यांच्यावर हाय."

"पहार हत्यार न्हाई व्हय? एकूण एक हत्यार पूजेला बसणार. भुजंगरावाची पूजा अर्धी नसते. तुझी बोटं गेली, आता अक्कल बी गेली?"

पहारींना हळदकुंकू लागलं, झेंडूच्या माळा पडल्या. दसऱ्यापर्यंत कोणी हत्याराला शिवू नये म्हणून भुजंगरावानं कोठीच्या सागवानी दाराला भलंमोठं कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या करदोट्याला बांधली.

धुरपदा खेकडा उचलून महाराजांकडे आली. तो त्यांच्यापुढं ठेवून बसली. महाराजांनी फडक्यावरून अंगठा फिरवला.

"आत खुंटी कशाची?"

"जांभळीची. नुसती आकार धरायला. भार न्हाई सोसायची."

महाराज काही बोलणार, एवढ्यात ढग गडगडावा तसा आवाज झाला. आभाळ तर निरभ्र होतं. पाठोपाठ वखारीकडून कालवा उठला. धुरपदा धावत सुटली. "तो घेऊन जा," महाराज मागून म्हणाले, तशी ती परत फिरली आणि खेकडा खांद्यावर टाकून पळाली.

ती वखारीत पोचली. भुजंगराव थप्पीतल्या सर्वांत मोठ्या ओंडक्याला हार घालायला गेला होता, आणि थप्पी सुटली होती. तोच ओंडका त्याच्या कमरेवर आणि मांड्यांवर आडवा पडला होता. पावसानं जमीन भुसभुशीत झालेली. ओंडका तिच्यात रुतून बसला होता, खाली बोट घालायला जागा नव्हती. हमालांनी ढकलून पाहिलं, तर तो त्याच्या छातीकडेच कलला.

"ढकलू नका," भुजंगराव कसाबसा म्हणाला. "मरतो मी."

"पहारी आणा, दोरखंड आणा," कोणीतरी ओरडलं. माणसं कोठीकडे धावली आणि दारापाशीच थबकली. किल्ली मुकादमाच्या करदोट्याला, आणि करदोटा ओंडक्याखाली. कुलूप फोडायला घण हवा, तर घणही आत. एकूण एक हत्यार पूजेला बसलं होतं. माणसं दारावर लाथा घालत होती, आणि दर श्वासाला भुजंगरावाचा चेहरा काळवंडत होता.

तेव्हा सगळ्यांच्या नजरा धुरपदाच्या खांद्याकडे गेल्या.

"आण तो हिकडं," गणपा म्हणाला. त्यानं गाडीचं जू सोडवून आणलंही. कडीत जू घालायचं, दोन्ही बाजूंनी माणसांनी खांदा द्यायचा, आणि ओंडका सरळ वर उचलायचा. तिनं अवजार केलं होतं ते याचसाठी.

पण धुरपदानं खेकडा खांद्यावरून उतरवला नाही. "अवो, यात लाकडाची खुंटी हाय," ती नवऱ्याला म्हणाली. "अर्ध्यात तुटली, तर ओंडका वरनं त्याच्या पोटावर येईल. माझ्या हातनं माणूस मरंल."

"लाव," मागून आवाज आला. महाराज काठी टेकत येऊन पोचले होते. ते बाजूच्या दगडावर बसले.

"महाराज, मला ठावं हाय, ती टिकायची न्हाई."

"तुझं ठाऊक असणं बरोबरच आहे. तू लाव."

धुरपदानं पदर खोचला. ती चिखलात गुडघ्यांवर बसली, खेकड्याचे दात ओंडक्याच्या दोन्ही अंगांना रुतवले आणि फडक्यावर हात ठेवला. कडीत जू गेलं. हमालांनी खांदे दिले. भुजंगराव खाली उताणा पडलेला. त्याच्या डोळ्यांसमोर तेच ओलं फडकं होतं, जे त्यानं सकाळी खेकड्यासकट भिरकावलं होतं.

"घ्या," गणपा म्हणाला.

जू करकरलं. दात लाकडात शिरले. ओंडक्यानं माती सोडली, तसूभर वर आला. आणि धुरपदाच्या तळव्याखाली आवाज झाला, कट्.

खुंटी तुटली. लोहाराच्या घरची बाई ती, लोखंडात लाकूड तुटतं तेव्हा कसं वाटतं हे तिला कोणी सांगायला नको होतं. फडकं ढिलं पडलं. दोन्ही शिंगं एकमेकांपासून सुटली, मधे फट पडली. आता ओंडका पडणार. तिनं डोळे गच्च मिटले आणि वाट पाहिली.

काहीच पडलं नाही.

तिनं डोळे उघडले. ओंडका अधांतरी होता. शिंगांच्या मधल्या फटीतून पलीकडचं आभाळ दिसत होतं आणि तरी ती दोन शिंगं भार पेलत होती, जसं काही त्या भोकात कोणी मेरूचा खिळा ठोकला आहे. हमाल जुवाखाली माना घालून उभे होते, त्यांना यातलं काही दिसत नव्हतं. दिसत होतं ते दोघांनाच. एक तिला, आणि एक खाली पडलेल्या भुजंगरावाला. त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं. वेदनाही विसरून तो त्या फटीकडे बघत होता.

धुरपदानं महाराजांकडे पाहिलं. ते दगडावर डोळे मिटून बसले होते. उजवा हात थोडा उचललेला, आणि तर्जनी वाकडी केलेली, कळशीच्या कानात बोट अडकवून ती उचलावी तशी. कपाळावर घामाच्या धारा लागल्या होत्या.

"ओढा त्याला," धुरपदा ओरडली. माणसांनी काखेत हात घालून भुजंगरावाला बाहेर ओढलं.

"ठेवा," महाराज डोळे न उघडता म्हणाले.

ओंडका जमिनीला टेकला. त्याच क्षणी महाराजांनी हात खाली केला, आणि खेकडा दोन शिंगं होऊन दोन बाजूंना गळून पडला. फडक्यातून जांभळीच्या खुंटीचे दोन तुकडे चिखलात घरंगळले. आता ते सगळ्यांनी पाहिलं. एका हमालानं शिंग उचललं, भोकातून पलीकडे पाहिलं आणि ते हळूच खाली ठेवलं, विस्तव ठेवावा तसं.

धुरपदा धडपडत महाराजांपाशी गेली. त्यांच्या तर्जनीवर भोकाएवढा गोल, काळानिळा वण उमटला होता. तिनं ते बोट आपल्या पदरात धरलं.

"पोरी," महाराज हलक्या आवाजात म्हणाले, "लोखंडी खिळा घाल बरं त्यात. दर खेपेला म्हाताऱ्याला कामाला लावू नको."

भुजंगरावाचा जीव वाचला. पायांची हाडं मोडली होती, ती वैदूनं बांधली. पण कितीतरी दिवस त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. पाणी पाजायला गेलेल्या बायकोचं मनगट धरून तो नुसता वर बघत राही. बोलता झाला तेव्हा पहिलं वाक्य निघालं ते हेच: "मला महाराजांकडं न्या."

बाजेवर घालून त्याला झोपडीपुढं आणलं. महाराज भाकरी खात होते. धुरपदा आणि गणपा तिथंच होते.

"महाराज," भुजंगराव म्हणाला, "मी देवापुढं भंगार मांडणार न्हाई म्हणालो. देव कशात येऊन बसला, ते मी उताणा पडून पाहिलं. तो खेकडा मला द्या. वखारीत देव्हारा बांधतो, रोज पूजा करतो, कुणाचा हात लागू देणार न्हाई."

"आणि ओंडके?" महाराजांनी विचारलं.

"कंचे ओंडके?"

"रोजचे. ते कशानं उचलणार? पुन्हा यांच्या बोटांनी?"

महाराजांनी भाकरीचा तुकडा मोडून त्याच्या हातावर ठेवला.

"देव्हारा राहू दे, भुजंगा. धुरपदाकडून असे आणखी करून घे. वखारीच्या बाहेरच्या भिंतीवर टांग, येणाऱ्याजाणाऱ्याचा हात पोचेल असे. कुलूप नको. घासून घासून झिजले, की पूजा झाली म्हणायची."

भुजंगरावानं धुरपदाकडे पाहिलं. मग त्यानं बाजेवरून उतरायची धडपड केली. लोक सावरायला धावले, त्यानं त्यांना हातानं थांबवलं. फळ्यांत बांधलेले पाय गुडघ्यात मोडत नव्हते, वाकताही येत नव्हतं. म्हणून त्या धिप्पाड माणसानं स्वतःला सरळ जमिनीवर सोडून दिलं आणि धुळीत पालथं पडून, दोन्ही हात लांब करून, आधी त्या लोहारणीपुढं आणि मग महाराजांच्या पायांशी कपाळ टेकलं.