न विरघळणारा साका

“एवढं एकच वाक्य उरलंय, बाई. म्हणून टाका ना. अडतंय कुठे?”

श्रीरंग कुंडाच्या पायरीवर उभा होता. घोलपबाई गुडघाभर पाण्यात.

मठाची रीत जुनी होती. दीक्षा घेणाऱ्याने सकाळी कुंडात उतरायचं, ओंजळीत तीळ आणि पाणी घ्यायचं, आपल्या एकेका माणसाचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, ‘हे माझं कोणी नाही.’ मग ओंजळ सोडायची. नावं संपली की मठ आपला.

बाईंनी आईचं पाणी सोडलं. वडिलांचं सोडलं. नवऱ्याचंही सोडलं. तो सोलापुरात दुसरा संसार थाटून सुखात होता. त्याच्या नावाला त्यांचा आवाजसुद्धा हलला नाही.

मग निनादचं नाव आलं. बाईंचा मुलगा. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता तेव्हा गेला.

नाव त्यांनी घेतलं. पुढचं वाक्य म्हटलं नाही.

“नाही म्हणणार,” त्या म्हणाल्या. “खोटं आहे ते.”

“खऱ्या-खोट्याचा प्रश्नच नाही. विधी आहे तो.” श्रीरंग पूर्वी वकिली करायचा.

“कोर्टात चालत असेल, वकीलसाहेब. माझ्या वर्गात चालत नव्हतं.”

वरच्या पायरीवर बुवा बसले होते. मठ त्यांच्या शब्दावर चालायचा, आणि शब्द ते फार कमी खर्च करायचे. आत्ताही ते पाण्याकडे बघत होते.

श्रीरंगाने आवाज खाली आणला. “बाई, वाक्य नाही तर दीक्षा नाही. दीक्षा नाही तर इथे मुक्काम नाही. मिरजेची खोली तर तुम्ही सोडून आलात. जाणार कुठे?”

“ते मी बघेन. खोटं बोलून आत राहण्यापेक्षा बाहेर बरी.”

“राग कशाला? तुमची साधना कमी पडतेय, एवढंच. वैराग्य खरं असेल तर त्यात सगळं विरघळतं. माझं बघा. बायको, मुलं, ऑफिस, पक्षकार... काही म्हणता काही उरलं नाही.”

“सगळं विरघळत नाही.”

“कोण म्हणतं?”

“मी म्हणते. नोकरीभर रसायनशास्त्र शिकवलंय मी. सगळं विरघळत नाही.”

बुवांनी मान वर केली.

“दाखवता?”

“आत्ता?”

“कुंड काही आटत नाही तोवर.”

बाई ओल्या पातळानेच वर आल्या. मठाच्या शाळेतल्या मुलांना विज्ञान शिकवायला त्यांनी एक पेटी आणली होती. ती त्यांनी पायरीवर उघडली. दोन परीक्षानळ्या काढल्या. एकीत धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवून घेतला, दुसरीत तुरटी. मग दोन्हींत बेरियम क्लोराइडच्या पाण्याचे थेंब टाकले.

दोन्ही नळ्यांत पांढरा साका धरला.

“ओळखा, वकीलसाहेब. सोडा कोणता, तुरटी कोणती?”

श्रीरंग वाकला. “दोन्ही सारखंच दिसतंय.”

“दिसतं सारखंच. मुलं इथेच फसतात. पांढरं दिसलं की उत्तर लिहून मोकळी.”

बुवांनी बोट पुढे केलं. “चवीला वेगळं असेल.”

“बुवा, विष आहे ते!”

“मग राहू दे.” बोट मागे गेलं.

बाईंनी तिसरी बाटली उघडली. “हे हायड्रोक्लोरिक. तीव्र आम्ल. तुमचं वैराग्यच समजा.”

सोड्याच्या नळीत थेंब पडले. फस्सकन फेस वर आला, नळीच्या तोंडापर्यंत चढला आणि बसला. पांढरं गेलं. खाली नितळ पाणी.

श्रीरंगाने टाळी वाजवली. “झालं! मी दुसरं काय सांगतोय?”

“सोड्यात बांधलेलं आम्ल दुबळं होतं. जबर आम्ल आलं, तसं ते वायू होऊन उडून गेलं. आता दुसरं बघा.”

तुरटीच्या नळीत थेंब पडले.

काही झालं नाही.

बाईंनी नळी हलवली. साका उठला, गढूळ झाला, पुन्हा तळाशी जाऊन बसला. होता तसा पांढरा.

“आणखी घाला,” श्रीरंग म्हणाला.

घातलं.

“अजून थोडं.”

“नळी भरली, वकीलसाहेब.”

“तापवून बघा.”

“तापवा. उकळा. अख्खी बाटली ओता, रात्रभर ठेवा, सकाळी या...” बाईंचा आवाज पहिल्यांदाच वर गेला. “नाही जायचं ते. तुम्ही थकाल, ते नाही जायचं!”



बुवांनी हात पुढे केला. बाईंनी नळी दिली. त्यांनी ती उन्हासमोर धरली आणि बराच वेळ बघत राहिले.

“बाई, असं तळाशी राहिलं की मुलाला नापास करता?”

“नाही, बुवा. तळाशी राहिलं तरच तर कळतं, आत काय होतं ते. तेवढ्यासाठीच आम्ल घालायचं.”

“विरघळवायला नाही?”

“नाही.”

“हं...”

बुवा श्रीरंगाकडे वळले. “तुझ्या दीक्षेला फेस मात्र फार आला होता, श्रीरंगा.”

श्रीरंगाचे कान लाल झाले. पण तो जुना वकील होता, लगेच हटला नाही.

“माझी थट्टा करा, बुवा. पण मग रीत मोडायची का? एकासाठी मोडली की सगळ्यांसाठी मोडली. ते वाक्य म्हटल्यावाचून या पाण्यातून आजवर कोणी वर आलंय? एक तरी नाव सांगा.”

बुवांनी नळी परत दिली. साका हलू नये इतक्या सावकाश.

बाईंच्या पातळाचं पाणी पायऱ्यांवरून खाली ओघळत होतं...

“माझ्या मुलीचं नाव कालिंदी. तेवढंच म्हणून मी वर आलो होतो,” बुवा म्हणाले.