पहिलं फूल

फार मागे मंजुळा शिंपिणीच्या पत्र्याच्या डब्यात एक सुई राहत होती. तिचा टाका इतका बारीक, की तो शोधावा लागे. डब्यातल्या चिंध्या मात्र जुन्याच आठवणी काढत बसत. कुणी बारशाचं झबलं होती, कुणी लग्नातली चोळी.

पुढे मंजुळेनं शिवण सोडलं आणि चिंध्यांचं पोतेरं व्हायची वेळ आली. चिंध्या सुईला म्हणाल्या, "आमची फुलं कर. फुलांनी कुणी जमीन सारवत नाही."

डब्यातल्या कात्रीनं चिंध्यांचे गोल तुकडे कापून दिले. सुईनं कड दुमडून आपला बारीक धावदोरा घातला आणि दोरा ओढला. चुण्या दाटल्या, पण मधलं भोक मिटेना. उसवून तिनं आणखी बारीक टाके घातले, तर भोक आणखी मोठं राहिलं.

"कापडच विरलंय," सुई चिडून म्हणाली.

"लांब टाके घाल, बाई, म्हणजे चुण्या कमी पडून भोक मिटेल," निळ्या लुगड्याची म्हातारी चिंधी म्हणाली.

"लांब टाके शिकाऊ घालतात."

"तूही घातलेस. तुझं पहिलं फूल मीच होते. मंजुळा तेव्हा परकर नेसायची. मग तुम्ही दोघी कपडे शिवायला लागलात आणि मला उसवून ठिगळासाठी ठेवलंत. खुणा बघ अजून."

सुईनं वाकून पाहिलं. गोल कडेला लांब लांब, वेडीवाकडी भोकं होती. तिनं एकही नवं भोक पाडलं नाही. त्याच वाटेनं ती सावकाश फिरून आली, दोरा ओढला आणि फुलाचं मधलं भोक मिटलं.